तिसरी खुंटी

मिस्त्रींना सगळे डोळेमिटे म्हणायचे. आता तुम्हाला वाटेल, नजर अधू असेल. छे हो! साठी उलटली तरी सुईत दोरा पहिल्या फटक्यात जायचा. पण जुनी बंदूक हातात आली की मिस्त्री डोळे मिटायचे. लाकडी दस्त्यावरून तळवा फिरवायचे, बोल्टची, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या दांड्याची मूठ उचलायचे, मागे ओढायचे, पुन्हा पुढे ढकलायचे, आणि डोळे न उघडताच सांगायचे, ही अमक्या बनावटीची, हे मॉडेल, साधारण अमक्या सालाची. मग एक डोळा हळूच उघडून समोरच्याचा चेहरा बघायचे. त्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं की त्यांचं पोट भरायचं.

दुकान म्हणजे घराला लागूनच एक लांबट खोली. रस्त्याच्या बाजूला काउंटर, मागे खिडकीखाली कामाचं टेबल, त्यावर शिकंजा, कानशी आणि तेलाच्या बुधल्या. माणसं तिथे आजोबांच्या, सासऱ्यांच्या, माळ्यावर सापडलेल्या शिकारी रायफली घेऊन यायची. त्यावरची अक्षरं झिजलेली असायची, नाहीतर कुणीतरी घासून टाकलेली. परवान्याच्या कचेरीत मॉडेल लिहावं लागतं आणि काडतुसाचा दुकानदारही मॉडेल विचारल्याशिवाय डबा काढत नाही. त्यासाठी मिस्त्री एक कागद लिहून द्यायचे. खाली सही, वर शिक्का. तीस-बत्तीस वर्षं त्या सहीवर कुणी शंका घेतली नव्हती. मिस्त्रींची खरी इस्टेट म्हणाल तर ती सही.

मुलाला या धंद्यात रस शून्य. बंदुकीच्या तेलाचा वास आला की त्याला शिंका यायच्या. तो विमा विकायचा. पण आठ वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं, घरात सून आली आणि तिथून मिस्त्रींच्या सुखात माती कालवली गेली.

सून शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याची मुलगी. हत्यारांतच वाढलेली. लग्नाला महिना झाला नसेल, सासऱ्यांना चहा द्यायला दुकानात आली आणि म्हणाली, "बाबा, या स्क्रूची खाच इतकी बारीक का हो? साध्या पेचकसानं तर ती सोलून निघेल."

मिस्त्री एकदम खूश. घरात इतक्या वर्षांत कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी तिला स्टूल दिलं, पेचकस कसा घासायचा ते दाखवलं. पुढच्या आठवड्यात बोल्ट कसा उघडायचा ते. मग स्प्रिंग, मग चाप. गंमत म्हणून शिकवलं हो, नातवंडांना गोष्ट सांगावी तसं. पोरगी शिकत गेली. आणि एक दिवस अशी वेळ आली की एका रायफलीवर मिस्त्री तीन दिवस डोळे मिटून बसले होते आणि सुनेनं दस्ता उतरवून, नळीच्या पोटाखालचा मोहरीएवढा ठसा भिंगातून वाचून, वही उघडून मॉडेल सांगितलं. बरोबर सांगितलं. गिऱ्हाईक म्हणालं, "वा मिस्त्री! नशीबवान आहात. घरात वारस तयार झाला की!"

मिस्त्री हसले. तोंडानं हसले. आत मात्र जे पेटलं ते काही विझलं नाही.

सुनेची रीत अगदी उलटी. ती डोळे चांगले टक्क उघडे ठेवायची. सगळं खोलायची, मापं घ्यायची, वहीत लिहायची आणि पुष्कळदा सरळ म्हणायची, "आज नाही सांगता येत. उद्या या." मिस्त्रींच्या मते ही काय कला झाली? वही बघून तर कुणीही सांगेल! पण लोकांचं डोकं फिरलेलं. लोकांना तेच आवडायला लागलं. माणसं दारातून मान आत घालायची आणि मिस्त्री समोर बसलेले असताना विचारायची, "सूनबाई नाहीत का?"

सूनबाई नाहीत का! म्हणजे इथे बसलाय तो काय दगड?

मिस्त्री मोजायला लागले. आज चौघांनी तिला विचारलं, दोघांनी आपल्याला, त्यातला एक पत्ता विचारायला आलेला. माणूस एकदा मोजायला लागला की संपलाच. मग बारीक पेचकसांचा संच मिस्त्रींच्या कोटाच्या खिशात राहायला लागला. सून शोधून शोधून थकायची आणि मिस्त्री म्हणायचे, "वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय नाही तुम्हा पोरांना." ती ऐन नाजूक कामात असली की त्यांना हटकून तहान लागायची. आणि गिऱ्हाइकासमोर तिचं कौतुक करायची वेळ आलीच, तर म्हणायचे, "चहा मात्र फर्मास करते हं आमची सूनबाई!"

बायकोला हे सगळं दिसत होतं. चाळीस वर्षांचा संसार, तिच्यापासून काय लपणार? एकदा जेवताना ती नाक वर करून म्हणाली, "काहीतरी जळतंय."

"बघ मग गॅसवर."

"गॅस बंद आहे. वास तुमच्याकडून येतोय."

मिस्त्रींनी पाण्याचा पेला आपटला आणि दोन दिवस अबोला धरला. कोण जळतंय? मी? त्या कालच्या पोरीवर? त्यांनी स्वतःलाही विचारून बघितलं. उत्तर आलं ते त्यांना आवडलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं नाही.

त्या मंगळवारी सून एका शाळामास्तरांची दुरुस्त केलेली बंदूक पोचवायला गेली होती. दुकानात दोन जुनी गिऱ्हाइकं गप्पा मारत होती. तेवढ्यात आरागिरणीच्या मालकीणबाई आल्या. ठसठशीत बाई, आवाज करवतीच्या वर चढवायची सवय, त्यामुळे दुकानातही ओरडूनच बोलायच्या. खांद्यावर कॅनव्हासची लांब पिशवी.

"मिस्त्री, वडलांची रायफल आहे. पोरगं म्हणतंय, रानडुकरं माजलीत, मी वापरणार. परवाना झालाय. मॉडेल तेवढं लिहून पाहिजे. सूनबाई आहेत का?"

झालं! मिस्त्रींची तळपायाची आग मस्तकात गेली.

"सूनबाई कशाला पाहिजेत?" ते म्हणाले. "आणा इकडे."

बाईंनी पिशवी उघडली. रायफल देखणी होती. अक्रोडाचा दस्ता, वर दुर्बीण बसवायची पोलादी पट्टी, नाव आणि आकडे मात्र घासून साफ केलेले. मिस्त्रींनी बोल्ट दोनदा उघडून आत काडतूस नाही हे बघितलं. मग त्या दोघा गिऱ्हाइकांकडे एक नजर टाकली, खुर्चीत ताठ बसले आणि डोळे मिटले.

इथे दोन शब्द त्या बंदुकीबद्दल सांगायला हवेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. माउझर या जर्मन कंपनीच्या जुन्या रायफलींत दोन मॉडेलं एकमेकांची भावंडं वाटतात, त्र्याण्णव आणि अठ्ठ्याण्णव. त्र्याण्णवमध्ये बोल्ट पुढे ढकलताना आतली स्प्रिंग ताणली जाते, तेव्हा हाताला जोर लागतो. अठ्ठ्याण्णवमध्ये मूठ वर उचलतानाच ताणली जाते. ज्याचा हात तयार आहे त्याला हे झोपेतही कळतं. दुसरा फरक बोल्ट बाहेर काढल्याशिवाय दिसत नाही. दोन्हींच्या बोल्टला पुढच्या टोकाशी दोन खुंट्या असतात, गोळी उडताना त्या सगळा धक्का अडवतात. अठ्ठ्याण्णवला मागे मुठीजवळ आणखी एक, तिसरी खुंटी असते. पुढच्या दोन दगा देतील तर ही बोल्टला रोखून धरते. म्हणून अठ्ठ्याण्णवमध्ये जास्त दारूचं, जोरदार काडतूस चालतं. तेच काडतूस त्र्याण्णवमध्येही जातं, माप एकच. पण ते घालू नये. कारण बोल्ट सुटला तर मागे येतो, आणि मागे असतो नेम धरणाऱ्याचा डोळा.

मिस्त्रींनी मूठ उचलली. स्प्रिंग ताणली गेली ती उचलतानाच. पुढे ढकलली, लोण्यासारखी गेली. अंगठा मागच्या टोपीवर फिरवला. टोपी रुंद, नव्या घडणीची.

"अठ्ठ्याण्णव!" ते म्हणाले आणि एक डोळा उघडला.

दोन्ही गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. एकानं तर टाळीच दिली दुसऱ्याला. बाई म्हणाल्या, "मग जोरदार काडतूस चालेल?"

"बिनधास्त."

"बोल्ट काढून नाही बघणार?"

"बाई, आचाऱ्याला मीठ चाखून बघावं लागत नाही. वासानं कळतं."

कागद लिहिला, शिक्का मारला, झोकात सही केली. बाई कागद घेऊन काडतुसाच्या दुकानी गेल्या. रायफल साफ करायला ठेवून गेल्या, उद्या नेणार होत्या.

दुपारी सून आली. रायफल साफ करायला तिच्याकडेच गेली, कारण साफसफाईची कामं मिस्त्री मुद्दाम तिच्याकडे सारायचे. थोड्या वेळानं ती बोल्ट फडक्यावर ठेवून त्यांच्या टेबलाशी आली. दुकानात तेव्हा तिसरं कुणी नव्हतं. होतं तोवर ती थांबली होती.

"बाबा, हे एकदा बघता का? कुणीतरी आतली स्प्रिंग आणि मागची टोपी बदलून घेतलेली दिसते. मूठ उचलताना ताणली जाते खरी, पण..."

"पण काय?"

"तिसरी खुंटी नाहीये."

"मला शिकवतेस?" मिस्त्री गुरकावले. "तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी अठ्ठ्याण्णव ओळखतोय!"

"हो बाबा. म्हणूनच म्हणते, तुम्ही बघा." तिनं फडकं तिथेच ठेवलं आणि आपल्या पोरीला शाळेतून आणायला निघून गेली.

मिस्त्रींनी दहा मिनिटं त्या फडक्याकडे पाठ करून कानस घासली. मग राहवेना. बोल्ट उचलला, खिडकीशी नेला आणि डोळे चांगले उघडे ठेवून बघितला. पुढे दोन खुंट्या. मागे गुळगुळीत. त्यांनी भिंग लावलं. नखानं चाचपलं. एखादी खुंटी घासून काढली असेल असंही वाटून गेलं, कारण बुडत्याला काडीचा आधार. पण तिथे काही कधी नव्हतंच. त्र्याण्णव. शंभर टक्के त्र्याण्णव. कुणा हौशी कारागिरानं आत नवी रीत बसवली होती आणि बत्तीस वर्षांच्या हाताला सरळ फसवलं होतं.

हात फसला, ठीक आहे. हात फसतो. मिस्त्रींना दुःख त्याचं नव्हतंच. दुःख एवढंच, की तिला कळलं!

सून परत आली. "बघितलंत बाबा?"

"बघितलं."

"मग?"

"सांगतो मी बाईंना. तू नको मध्ये पडूस."

सुनेच्या चेहऱ्यावर इतकं हायसं वाटलेलं दिसलं, की मिस्त्रींना त्याचाही राग आला.

आणि खरं सांगतो, ते सांगणारच होते. सकाळी आंघोळ करताना वाक्यसुद्धा ठरवलं होतं. 'बाई, सावधगिरी म्हणून साधंच काडतूस वापरा, जुनी वस्तू आहे.' चूकही कबूल करायला नको आणि कामही झालं. साप भी मरे, लाठी भी न टूटे! सून स्प्रिंगा आणायला बाजारात गेली होती, दुपारनंतर येणार होती. अकराच्या सुमारास बाई आल्या. मिस्त्रींनी रायफल काउंटरवर ठेवली, घसा साफ केला, तोंड उघडलं.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "सूनबाईंच्या हाताखालून गेली ना ही? मग काही काळजी नाही बाई मला!"

मिस्त्रींचं उघडलेलं तोंड मिटलं.

"गेली," ते म्हणाले आणि पिशवी पुढे सरकवली.

बाई निघून गेल्या. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मिस्त्री स्वतःशी म्हणाले, बरं झालं! सूनबाईंवर भरवसा ना? मग घ्या सूनबाईंचं नाव आणि उडवा बार! हा विचार त्यांच्या मनात आला, पूर्ण आला, शब्दन्शब्द आला. असला विचार आपल्या डोक्यातून निघाला हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा हातातली बुधली टेबलावर कलंडली होती.

दुपारी जेवण जाईना. बायको म्हणाली, "काय झालं?" म्हणाले, "काही नाही." घास फिरवत बसले. बाईंचं पोरगं डोळ्यांसमोरून हलेना. वीस-बावीसचं, उंच, दुकानात एकदा आलं होतं तर दाराच्या चौकटीला डोकं आपटून स्वतःच हसत सुटलं होतं. आरागिरणीला फोन लावला. तिथे फोन कोण उचलतो? करवत चालू असली की कानाशी ढोल वाजवला तरी ऐकू यायचं नाही. तीन वाजता मिस्त्री पानावरून उठावं तसे दुकानातून उठले, कुलूपही न लावता निघाले आणि रस्त्यानं चक्क पळत सुटले. साठी उलटलेला माणूस, एका चपलेचा अंगठा तुटलेला. लोक बघत राहिले.

गिरणीत भुश्शाचा ढग आणि करवतीचा किंचाळा. बाई ओंडक्यापाशी उभ्या होत्या, आजूबाजूला वीसेक कामगार. मिस्त्री ओरडले, "बाई, रायफल कुठाय?" बाईंनी कानाला हात लावला. मिस्त्री आणखी जवळ जाऊन ओरडले. ऐकू येईना. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, आणि नेमकी त्याच क्षणी फळी संपली आणि करवत थांबली.

"माझी चूक झाली! सूनबाईचं बरोबर आहे!"

छपराच्या पत्र्यापर्यंत आवाज गेला. वीस माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी फिसकन हसलं.

"काय चूक?" बाई म्हणाल्या.

"ती अठ्ठ्याण्णव नाही. जोरदार काडतूस घालू नका. बोल्ट डोळ्यात येईल. पोरगं कुठाय?"

बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या मागच्या दाराकडे धावल्या. मागे मोकळं रान होतं, लांबवर टेकाडाशी पोरगं एका फळीवर कागद चिकटवत होतं आणि रायफल शेजारी टेकवलेली होती. बाईंनी अशी हाक मारली की पोरगं जागच्या जागी दचकलं. खिशातली पाच काडतुसं डब्यात परत गेली. पोरगं हसत म्हणालं, "आई, एक तरी गोळी उडवू दिली असतीस!" कुणीच हसलं नाही.

बाई मिस्त्रींकडे वळल्या. पहिल्यांदाच त्या हळू आवाजात बोलल्या.

"तुम्हाला कधी कळलं?"

आता कळलं, असं म्हणता आलं असतं. जीभ तिकडे वळलीही होती. पण पोरगं समोर उभं होतं, दोन्ही डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत.

"काल," मिस्त्री म्हणाले.

"काल? मग सकाळी मी आले तेव्हा?"

"माहीत होतं."

"आणि हातात दिलीत?"

"दिली."

"का?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. "तुम्ही सूनबाईचं नाव घेतलंत. मला ते सहन झालं नाही. मला तिचा हेवा वाटतो. आज नाही, सहा वर्षं वाटतोय."

बाईंनी रायफल पिशवीत घातली, नाडी आवळली आणि ती मिस्त्रींच्या हातात ठेवली. "सूनबाईंना द्या. नवा कागद पाठवायला सांगा. सही त्यांची हवी. तुमची नको मला." आणि कामगारांकडे वळून ओरडल्या, "करवत चालू करा!"

मिस्त्री दुकानात परत आले तेव्हा सून काउंटरपाशी उभी होती. कुलूप नसलेलं दुकान बघून घाबरली होती. मिस्त्रींनी पिशवी ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. काल बघितलं तेही, सकाळी तोंड मिटलं तेही, बरं झालं असं मनात आलं तेही. बायको आतल्या दारात येऊन उभी राहिली होती, तिनं सगळं ऐकलं. मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलं नाही.

सून आवाज चढवणाऱ्यांतली नव्हती. आजही चढवला नाही.

"बाबा, त्या मुलाचा डोळा गेला असता."

"हो."

"मला काल सांगितलंत ना, मी सांगतो म्हणून? मी विश्वास ठेवला. शांत झोपले मी."

"हो."

"लोक मला का विचारतात माहितेय तुम्हाला?" तिचा आवाज आता कापायला लागला होता. "मी कुणालाही कागद देताना पहिलं हेच सांगते, की मला बाबांनी शिकवलंय, चूक निघाली तर बाबा सुधारतील. त्या भरवशावर येतात ते. त्या बाईंनासुद्धा मीच सांगितलं होतं."

मिस्त्री स्टुलावर बसले. मग त्यांनी कोटाच्या खिशातून बारीक पेचकसांचा संच काढून टेबलावर ठेवला, शिक्का ठेवला, खणातला कोरा कागद काढून तिच्यासमोर ठेवला.

सुनेनं डोळे पुसले आणि लिहायला घेतलं. मॉडेल त्र्याण्णव, आतली रचना बदललेली, फक्त साधं काडतूस. खाली सही केली. सही करताना ती क्षणभर थांबली आणि विचारलं, "तुमचं नाव लिहू का, यांच्याकडून शिकले म्हणून?"

"नको," मिस्त्री म्हणाले. "ते आता नको लिहूस."

तिनं नाही लिहिलं. मिस्त्रींनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला. अक्षर वळणदार होतं, एकही खाडाखोड नव्हती, आणि आत पुन्हा तेच जुनं पेटलं. त्यांनी कागदाची घडी घातली, तुटकी चप्पल पायात सरकवली आणि तो द्यायला स्वतःच आरागिरणीकडे निघाले.